सवलत

१८ जून

दहावीच्या दोन तुकड्यांची यंदा एकच झाली. माझे गणिताचे तास कमी पडले, म्हणून आमच्या मुख्याध्यापिका ऋजुता मॅडम यांनी आज ऑफिसात बोलावून एक कागद दिला. माझ्या नावापुढे 'दिव्यांग विद्यार्थी समन्वयक' असं टाइप केलेलं. "हरिहर सर, दोनच वर्षं राहिलीत तुमची. हे काम तुम्ही शांतपणे कराल," त्या म्हणाल्या. प्रयोगशाळेमागची खोली मोकळी करून देणार आहेत.

यादीत सात मुलं आहेत. एकाला कमी ऐकू येतं, एक मुलगी कुबड्या घेऊन चालते. त्यांचं मला समजतं. बाकी पाच जणांपुढे लिहिलंय, अध्ययन अक्षमता, संशयित. चौतीस वर्षं मी कल्याणात शिकवतोय आणि याला माझ्याकडे एकच शब्द आहे, आळस. रोजनिशीत खोटं कशाला लिहू?

हिला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं." काय बरं झालं ते विचारायच्या आत फोन वाजला आणि ती तो घेऊन गॅलरीत गेली. विनीतचा असणार. तो माझ्याशी बोलत नाही. नऊ वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या मनाने लग्न केलं, रचना बौद्ध घरातली, आणि मी लग्नाला गेलो नाही. माझ्या मनातलं ते केव्हाच गेलं. त्याच्या मनातलं जात नाही.

२ जुलै

समृद्धी नावाची विशेष शिक्षिका आली. सत्तावीस वर्षांची, कंत्राटावर, राहायला डोंबिवलीला. नऊ शाळा तिच्याकडे आहेत, आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार. मुलगी हुशार वाटली, पण मुलांशी बोलताना आवाज फार मऊ करते.

तिने पहिल्यांदा दहावीतल्या ऐश्वर्याला बोलावलं. मी म्हटलं, हिचं नाव यादीत चुकून आलंय. हिची वही बघा, मोत्यासारखं अक्षर. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवते. पेपर मात्र कोरे देते, म्हणजे अभ्यास करत नाही.

समृद्धीने मराठीचं पुस्तक उघडून तिच्यापुढे ठेवलं आणि वाचायला सांगितलं. मुलगी खणखणीत वाचू लागली. मी समृद्धीकडे बघितलं, की बघा. तिने मला खुणेने जवळ बोलावलं. उघडलेलं पान सहाव्या धड्याचं होतं. ऐश्वर्या चौथा धडा म्हणत होती, एकही चूक न करता, आणि तिचं बोट ओळींवरून बरोबर सरकत होतं.

समृद्धी तिला "छान," एवढंच म्हणाली आणि पुस्तक मिटलं.

१२ जुलै

आज ऐश्वर्याला तोंडी गणित घातलं. पाच वर्षांपूर्वी आईचं वय मुलीच्या तिप्पट होतं, पाच वर्षांनी दुप्पट होईल. आज दोघींची वयं किती? वर्गातल्या पहिल्या नंबरालाही याला अर्धं पान लागतं.

"मुलगी पंधरा, आई पस्तीस," ती म्हणाली. "आमच्या घरासारखंच आहे, सर."

कसं काढलंस विचारलं. म्हणाली, दोन्ही वयं डोक्यात एकदम पुढे-मागे सरकवली. मग लिहायला सांगितलं तर तिने लिहिलं, ५१ आणि ५३.

विनीतही आकडे असेच उलटे लिहायचा. पण त्याचं वेगळं होतं, तो चुकार होता. माझ्याच वर्गात असायचा. मास्तरांचा मुलगा म्हणून त्याला सवलत मिळते असं कोणी म्हणू नये यासाठी मी त्याचा पेपर सगळ्यांत आधी वाचून दाखवायचो, चुकांसकट. फळ्यापाशी पहिला तोच. मुलं हसायची. घरी शंभर वेळा लिहून घ्यायचो. एवढं करूनही दहावीला दोनदा गणितात गेला आणि शिक्षण सोडलं. आता लिफ्टची कामं करतो. कष्ट कमी पडले नाहीत माझे, हे मी आजही सांगेन.

२६ जुलै

ऐश्वर्याची आई आली होती. शालन, एका नर्सिंग होममध्ये मावशीचं काम करते, ड्युटी संपवून तशीच आलेली. समृद्धीने समजावलं, की मुंबईच्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. दाखला मिळाला तर बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळ, प्रश्न वाचून दाखवणारं कोणी, उत्तरं लिहून घेणारा लेखनिक, अशा सवलती मिळतात.

शालनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, एक दाखला आमच्याकडे आहे. तो दाखवला की लोक कसे बघतात ते मला माहितीये. आता पोरीच्या गळ्यात दुसरा कशाला? सवलतीवर पास झाली म्हणतील."

समृद्धी काहीतरी बोलू लागली, पण बाईंनी पिशवी उचलली. "माझी मुलगी विहारात सगळ्यांपुढे ग्रंथ वाचते," त्या म्हणाल्या. "तिला वाचता येत नाही म्हणताय तुम्ही."

मला त्यांचं पटलं. सवलत नको म्हणणारं माणूस मला नेहमीच पटतं.

११ ऑगस्ट

समृद्धीच्या आग्रहाने शहाडला ऐश्वर्याच्या घरी गेलो. स्टेशनपासून दहा मिनिटांवर दोन खोल्या. रविवार होता, मायलेकी नुकत्याच विहारातून आलेल्या. पांढऱ्या साडीतच शालनबाईंनी चहा टाकला.

समृद्धी परत दाखल्याचं बोलेल असं वाटलं, पण ती ऐश्वर्याकडे बघत बसली. शेवटी ऐश्वर्याच म्हणाली, "आई, मी विहारात वाचत नाही."

"आत्ताच तर वाचून आलीस."

"पाठ करते. शेजारची ताई मोबाईलमध्ये बोलून ठेवते. मी आठवडाभर ऐकते."

शालनबाईंनी फळीवरचं औषधाचं खोकं काढून तिच्यापुढे धरलं. "हे काय लिहिलंय?"

"तापाच्या गोळ्या आहेत. खोक्यावरून ओळखलं. अक्षरं नाही लागत."

"कधीपासून करतेस हे?"

"पाचवीपासून."

चहा उतू गेला. कोणी उठलं नाही. मला वाटलं बाई आता चिडतील, एवढी वर्षं फसवलंस म्हणतील. मी तेच म्हटलं असतं. त्या मुलीच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "किती दमली असशील गं."

मग समृद्धीला म्हणाल्या, "मॅडम, तारीख घ्या."

घरी येऊन हिला हे सांगितलं. ही भाजी निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. म्हणाली, "त्या बाईला तुमच्यासारखं गणित येत नसेल ना?" मला संदर्भ लागला नाही.

३ सप्टेंबर

तपासणीची दुसरी खेप. शालनबाईंना अर्धाच दिवस सुट्टी होती, म्हणून मी बरोबर गेलो. ऐश्वर्या आत, आम्ही बाहेर बाकावर. त्यांना एक प्रश्नावली भरायची होती. त्या म्हणाल्या, सर तुम्ही वाचा, मी सांगते.

मी वाचत गेलो. मूल आकडे किंवा अक्षरं उलटी लिहितं का? तोंडी उत्तरं बरोबर आणि लेखी चूक असं होतं का? हाताने करायच्या कामात, वस्तू जोडण्यात हुशार आहे का? शाळेत जायच्या वेळी पोट दुखतं, उलटी होते असं घडतं का?

"नाही, पोट नाही दुखत तिचं," शालनबाई म्हणाल्या.

मी पेन धरून बसलो होतो. त्यांनी दोनदा सांगितलं तेव्हा 'नाही' वर खूण केली.

विनीतचं दुखायचं. सोमवारी आणि गुरुवारी. त्या दिवशी माझा पहिला तास असायचा. आठवीत असताना त्याने घरातला बंद पडलेला पंखा उघडून दुरुस्त केला होता, आणि मी त्याला विचारलं होतं की यात जे डोकं चालतं ते पाढ्यात का चालत नाही. मला खरंच उत्तर हवं होतं असं नाही.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. मुलांनी गुलाब दिले. भाषण करायला सांगितलं, तर घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा ठीक आहे.

२० सप्टेंबर

समृद्धीला विचारलं, "अशा मुलांना शिक्षा केली तर काय होतं?"

"कोणी केली?"

"असंच विचारतोय."

ती मुलांच्या फायली लावत होती. म्हणाली, "सर, मूल तेव्हा एकच गोष्ट शिकतं. आपण मूर्ख आहोत, ही. आणि ते पक्कं शिकतं."

घरी मी हिच्याशी बोलणार होतो. बोललो नाही. असंही वाटतं की तेव्हा हे कोणालाच माहीत नव्हतं, मग माझीच काय चूक? शिवाय विनीतची तपासणी कुठे झालीय?

२२ ऑक्टोबर

ऐश्वर्याचा दाखला आला. बुद्धिमत्ता सरासरीपेक्षा जास्त, वाचन दुसरीच्या मुलाएवढं. शालनबाईंनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर दुसरी पिशवी घालून माझ्याकडे दिला.

बोर्डाकडे प्रस्ताव पाठवायचा होता. अशा मुलांना दहावीच्या गणिताऐवजी सातवीचं अंकगणित घेता येतं. ऋजुता मॅडम म्हणाल्या, तेच घ्या, निकालाला धोका नको. मी म्हटलं, हिच्या डोक्यातलं गणित मी बघितलंय, ही पूर्ण गणित घेईल. ऐश्वर्याला विचारलं. तिला पुढे लॅबमध्ये रक्त तपासायचं काम शिकायचंय, आईच्या नर्सिंग होममध्ये बघितलंय तिने. त्यासाठी सायन्स लागतं.

"मग पूर्णच घेते," ती म्हणाली. पण बोलताना माझ्याकडे बघत होती.

बाहेर आल्यावर समृद्धी म्हणाली, "तिने घ्यावं हे मलाही वाटतं. पण सर, आत तुम्ही ज्या जोराने बोललात, ते कोणासाठी होतं?"

मला राग आला. कालची पोर, आणि मला विचारते. मी म्हटलं, तुम्ही वाचनाचं बघा, गणित माझ्याकडे सोडा. लेखनिकाबरोबर आत्तापासून सराव घ्या असं तिचं म्हणणं आहे. मला तशी गरज वाटत नाही. आधी हाताला सवय झाली पाहिजे. ऐश्वर्याला रोज दहा गणितं, प्रत्येक पाच वेळा लिहून आणायला सांगितलीत.

१७ जानेवारी

पूर्वपरीक्षेचे पेपर तपासले. ऐश्वर्या बीजगणितात चाळीसपैकी नऊ.

तिला लेखनिक म्हणून नववीतली एक मुलगी दिली होती. ऐश्वर्याने उत्तरं सांगितली, तिने ती लिहिली. नुसती उत्तरं. पायऱ्या एकीने सांगितल्या नाहीत, दुसरीने विचारल्या नाहीत. जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर, आणि गुण नाहीत.

मी तिला खोलीत बोलावलं. तीन महिने घालवले मी तुझ्यामागे, म्हटलं. सोपं अंकगणित घ्यायचं होतंस मग. एवढं साधं कळत नाही? डस्टर टेबलावर आपटला. खडूची धूळ उडून तिच्या युनिफॉर्मवर बसली.

ती रडली नाही. मान खाली घालून उभी राहिली. मग दोन्ही हातांनी पोट धरलं आणि हळू म्हणाली, "सर, मी घरी जाऊ का? पोटात दुखतंय."

मी जा म्हटलं. ती गेल्यावर तिथेच बसलो. शाळा सुटली, शिपाई खोली बंद करायला आला, तोवर बसून होतो.

प्रश्नावलीत त्या ओळीपुढे मी स्वतःच्या हाताने 'नाही' वर खूण केली होती. तेव्हा ते खरं होतं. मी चार महिन्यांत ते बदललं.

१९ जानेवारी

काल सकाळी शहाडला जाऊन ऐश्वर्याला सांगितलं, की तू चुकली नाहीस, तुला जे शिकवायला हवं होतं ते मी शिकवलं नाही. शालनबाई दारात उभ्या होत्या. मुलीने त्यांना काही सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर मी तिला पाठवणार नाही." बरोबर आहे.

आज लोकलने दिव्याला गेलो. विनीतच्या घरी पहिल्यांदा. हिला सांगितलं तेव्हा तिने पत्ता लिहून दिला, बरोबर येऊ का विचारलं नाही.

सातवा मजला. त्यांच्याकडे आज टँकर आला होता, विनीत पाण्याचे ड्रम भरत होता. मला बघून थांबला. रचनाने आत बोलावलं, पाणी दिलं आणि त्यांच्या मुलीला, सान्वीला, घेऊन गच्चीवर गेली. सान्वी सात वर्षांची आहे. तिला मी आजवर फक्त हिच्या मोबाईलमध्ये बघितलेली.

मी रस्त्याने वाक्यं जुळवली होती, ती आठवली नाहीत. म्हटलं, "विनीत, तुला शाळेत वाचता येत नव्हतं. तू आळस करत नव्हतास."

"माहितीये मला," तो म्हणाला. "सहा वर्षं झाली."

"कसं?"

"कंपनीत ट्रेनिंग होतं. मॅन्युअल वाचायला लावलं, मी पाठ म्हणून दाखवलं. तिथल्या मॅडमच्या लक्षात आलं. बाजूला घेऊन विचारलं, मग टेस्ट केली."

"मला सांगितलं नाहीस."

"आईला सांगितलेलं. ती म्हणाली, बाबांना सांगू नको, त्यांना झेपणार नाही."

नळीतून पाणी ड्रमबाहेर जाऊ लागलं. त्याने उठून नळी दुसऱ्या ड्रममध्ये टाकली. मी म्हटलं, "मी माफी मागायला आलोय."

"मागू नका, बाबा. मागितली तर मला काहीतरी बोलावं लागेल. माझ्याकडे बोलायला काही नाहीये." त्याचा आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही सगळ्यांसमोर पेपर वाचायचात ना, तेव्हा मला एवढंच वाटायचं की घरी तरी तुम्ही माझे बाबा असाल. घरी पण सरच असायचात."

मी उठून भरलेल्या ड्रमवर झाकण ठेवलं.

दुसरा ड्रम भरल्यावर तो म्हणाला, "सान्वीला पण आहे. दुसरीत आहे, अक्षरं लागत नाहीत. आईशी त्याचंच बोलणं चालतं रोज. तिच्या शाळेत काय करायचं, कुठे न्यायचं, तुम्हाला आता माहीत असेल ना?"

मी समृद्धीचं नाव, रुग्णालयाचा वार, कागद कोणते लागतात, सगळं सांगितलं. त्याने मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून घेतला. निघताना दारात म्हणाला, "एक गोष्ट. तिला तुम्ही गणित शिकवायचं नाही. कधीच."

"नाही शिकवणार."

"यायचं असेल तर या. वाचून दाखवा तिला काहीतरी. रचनाची ड्युटी असते, आणि मला नीट जमत नाही."

२० जानेवारी

हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"सहा वर्षांपूर्वी नाव कळलं. काहीतरी आहे हे तर तेव्हाच कळत होतं. रात्री पांघरुणात पाढे म्हणायचा तो, बिनचूक."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. दोनदा. तुम्ही म्हणालात, लाडाने मुलं बिघडतात."

मला ते आठवत नाही. आठवत नाही हेच जास्त लागलं.

७ फेब्रुवारी

समृद्धीला सांगितलं, तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं, लेखनिकाबरोबर सराव हवा होता. ती लगेच कामाला लागली, मागचं काही काढलं नाही. रोज शाळा सुटल्यावर दोघी मुली समोरासमोर बसतात. समृद्धीने ऐश्वर्याला पायऱ्या बोलायला शिकवल्या: दिलेलं काय, मानू काय, समीकरण पहिलं, समीकरण दुसरं, आता वजा करू. नववीतली मुलगी जे ऐकेल तेच लिहिते. मी मागे बसतो. चूक झाली तरी बोलायचं नाही असं ठरवलंय. फार अवघड जातं.

५ मार्च

बीजगणिताचा पेपर. या मुलांना वेगळी खोली, दोन तासांवर चाळीस मिनिटं जास्त. विषयशिक्षकाला आत जाता येत नाही, म्हणून शालनबाई आणि मी केंद्राबाहेर झाडाखाली उभे होतो. इतर मुलं बाहेर आली, पांगली, त्यानंतरची चाळीस मिनिटं सरेनात. शालनबाई म्हणाल्या, "सर, बसा जरा. तुमचीच परीक्षा असल्यासारखे उभे आहात."

ऐश्वर्या आली. कसा गेला ते मी विचारलं नाही. आईने विचारलं. ती म्हणाली, "सगळं बोलून घेतलं. घसा सुकलाय." आईने बाटली दिली.

१३ मे

निकाल. ऐश्वर्याला गणितात बावन्न, विज्ञानात सदुसष्ट, एकूण एकसष्ट टक्के. यादीतल्या पाच जणांपैकी दोघं नापास झाली, त्यांची तपासणी वेळेत झालीच नाही. पेढे खाताना ते सारखं मनात येत होतं. ऋजुता मॅडमना सांगितलं, यंदा मला तपासणीच्या तारखा जूनमध्येच हव्यात, आणि आठवीपासूनच्या मुलांच्या. त्या हो म्हणाल्या.

शालनबाईंनी दाखला परत मागितला. अकरावीच्या प्रवेशाला लावायचाय म्हणाल्या. कोणी काही बोललं तर, असं मी विचारलं. "बोलू देत," त्या म्हणाल्या.

१८ मे

रविवारी दिव्याला जातो, त्याला आता चार महिने होतील. विनीत माझ्याशी मोजकं बोलतो. पाणी आलं का, गाडी उशिरा होती का, इतपत. मी त्यापुढे जात नाही.

आज जेवणं झाल्यावर सान्वीने मला जमिनीवर बसवलं आणि पुस्तक दिलं. समुद्रात हरवलेल्या एका होडीची लांबलचक गोष्ट आहे, आम्ही दर आठवड्याला थोडी वाचतो. ती अक्षरांकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघते. सुरुवातीला मी तिचं बोट धरून ओळीवर ठेवायचो. आता ठेवत नाही.

विनीत दाराशी बसून हत्यारांची पिशवी आवरत होता. पकडी, टेस्टर, पाने, एकेक पुसून ठेवत होता. वादळाचा भाग आला. होडीवरचा म्हातारा शीड उतरवायला चढतो, दोर तुटतो. मान वर केली तर सान्वी माझ्या मांडीला टेकून झोपून गेली होती. उकाड्याने तिचं कपाळ ओलं झालं होतं. मी पानात खूण घातली आणि पुस्तक मिटू लागलो.

"मग?" विनीत म्हणाला.

त्याने पिशवी बाजूला ठेवली होती. एकतीस वर्षांचा माझा मुलगा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"खाली येतो का तो म्हातारा?"

मला पुढचं माहीत नव्हतं. मी पुस्तक उघडलं आणि वाचू लागलो.